गालातला दम

नवनाथ ऐवळे फुंकायला बसले की दवाखान्यातली माणसं हातातली कामं टाकून बघायला यायची. बाकीच्यांचा दम पाच-सहा सेकंदांत संपायचा, डोळे पांढरे व्हायचे. आबांचा दम संपायचाच नाही. नळी तोंडात, गाल फुगलेले, डोळे शांत मिटलेले, आणि यंत्राचा काटा जाग्यावरून हलायला तयार नाही. शेवटी मुजावर सिस्टरच ओरडायच्या, "आबा, बास करा की! यंत्र दमलं आता!"

यंत्र पिक् करायचं, हिरवा दिवा लागायचा आणि व्हरांड्यात टाळ्या पडायच्या. आबा मिशीवरनं हात फिरवत उठायचे. "ऐवळ्यांचा दम हाय ह्यो. चार पिढ्या सनई वाजवली आम्ही, मांडवात कधी सूर तुटू दिला न्हाई."

मग ते मान ताठ ठेवून आतल्या वॉर्डात जायचे, नातवाजवळ. आणि त्यांची सून प्रतीक्षा, त्या नातवाची सख्खी आई, व्हरांड्याच्या टोकाला तोंडावर पारदर्शक ढाल बांधून उभी राहायची. कारण तिचा दिवा पिवळा. पिवळ्यानं पाच वर्षांखालच्या लेकराजवळ जायचं नाही, असा नियम. आणि नियमापुढं आईबिई काही चालत नाही.

आत अगस्त्य होता. घरात सगळे त्याला अगू म्हणायचे. दोन वर्षांचं पोर, आणि क्षयाचे जंतू थेट मेंदूच्या आवरणात जाऊन बसलेले. आणलं तेव्हा मान लाकडासारखी ताठ झालेली, आणि नंतर कुणी हाक मारली तरी डोळे उघडायचं बंद झालं होतं.

डॉक्टर बिराजदार बाईंनी पहिल्याच दिवशी सगळ्यांना समोर बसवून समजावलं होतं. क्षयाचा जंतू श्वासाबरोबर छातीत शिरतो. शरीराच्या राखणदार पेशी त्याला गिळतात आणि भोवती भिंत घालून कोंडून ठेवतात. कित्येकांच्या छातीत तो जन्मभर असा कोंडलेलाच राहतो, त्यांना पत्ताही नसतो. पण जंतूच्या अंगावर प्रथिनं असतात. त्यातली काही म्हणजे निव्वळ आकडे. या आकड्यांनी तो फुप्फुसाच्या अस्तराला धरतो, त्यातून पलीकडे घुसतो आणि रक्तात पडतो. रक्तात पडला की त्याला सगळं अंग मोकळं: मणका, मूत्रपिंड, मेंदू. अलीकडे या जंतूची एक जात पसरली होती, तिचे आकडे जास्त दाट आणि चिवट होते. अगूच्या अंगात तीच जात निघाली.

"औषध आहे," बाई म्हणाल्या होत्या. "आम्ही त्याला झाकण म्हणतो. ते या आकड्यांवर जाऊन बसतं. जंतू जिथं आहे तिथंच अडकतो आणि मग जुन्या गोळ्या त्याला मारतात. पण झाकण जन्मात एकदाच लागू पडतं. दुसऱ्यांदा दिलं तर शरीर औषधालाच शत्रू समजून फस्त करतं. म्हणून ऐका, या मुलाला ज्याच्याकडून लागण झाली तो माणूस सापडला पाहिजे. घरी गेल्यावर याला तोच जंतू परत मिळाला, तर माझ्या हातात काही उरणार नाही."

अगूला झाकण दिलं गेलं. आणि तो माणूस शोधायलाच ती फुंकणी होती. यंत्राचं खरं नाव भलतंच लांबलचक होतं, पण लोकांनी आपलं सरळ फुंकणी करून टाकलं. ज्याच्या छातीत जिवंत जंतू असेल, त्याच्या फुप्फुसाच्या अगदी तळातून अतिबारीक थेंबांवर बसून हे आकडे बाहेर पडतात. यंत्रातली पांढरी पट्टी त्यांना धरते आणि लाल होते. तळातली हवा मिळायला हवी म्हणून भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं : दम संपेपर्यंत फुंका. यंत्राची एक खोड मात्र होती. आकडा जिवंत जंतूचा की मेलेल्याचा, हे त्याला नीट कळायचं नाही. प्रतीक्षाला पंधराव्या वर्षी क्षय झाला होता, पुरा बराही झाला होता. पण फुप्फुसावर जुना वण होता आणि त्यातनं जंतूंच्या मढ्यांचे तुकडे अजून झडत होते. म्हणून पिवळा.

घरातली सगळी हिरवी आणि सून पिवळी. मग काय विचारता! माणूस मोठा चमत्कारिक, दिवा दिसला की अक्कल गहाण टाकतो.

"सापडला की तुमचा माणूस," आबा डॉक्टरबाईंच्या तोंडावर म्हणाले होते. "ही काय हुबी हाय. पांढऱ्या पायाची. म्हायेरनं हुंडा न्हाई आणला, ह्यो रोग आणला."

तिचा नवरा सुशांत, डाळिंबाचा टेम्पो चालवणारा, अंगानं हा दांडगा. तो तेव्हा फरशीकडं बघत राहिला. रात्री फोन करून म्हणाला, "आबा म्हणतील तसं करू. अगूला सोडलं की आबांजवळ राहील. तू जा म्हायेरी. हिरवी झालीस की ये."

"आन कधीच हिरवी झाले न्हाई तर?"

पलीकडं टेम्पो सुरू झाल्याचा आवाज आला. त्याचा अर्थ तिला कळला, आणि तिनं फोन ठेवून दिला.

खरं सांगायचं तर आधी तिचाही स्वतःवरच संशय होता. आपणच आपल्या लेकराला भरवून-पाजून हे दिलं, या विचारानं तिला घास गिळत नव्हता. स्वतःची थुंकी तिनं आपणहून तपासायला दिली. भिंगाखाली काही दिसलं नाही, पण खात्रीसाठी जंतू वाढवून बघायचे म्हणजे निकालाला दीड महिना. फुंकणी आल्यापासून थुंकी तपासणाऱ्या प्रयोगशाळा ओस पडल्या होत्या. आणि हिरव्या माणसाची थुंकी बघायचा तर प्रश्नच नव्हता.

त्या दिवशी आबांची दर आठवड्याची फुंकायची पाळी होती. प्रतीक्षा नेहमीसारखी टोकाला उभी. एरवी ती तिकडं बघायची नाही, अंगाचा तिळपापड व्हायचा. आज मात्र तिची नजर आबांच्या गळ्याकडे गेली. सदऱ्याची कॉलर सैल झाली होती. दिवाळीला हाच सदरा तटतटत होता. पहाटेचा खोकला होताच. त्याला ते "सनईच्या पत्तीची धूळ" म्हणायचे. संध्याकाळी अंग कढत व्हायचं, ती "उन्हाची कडकी". ऐवळ्यांच्या घरचा म्हणून अगूला रोज सकाळी मांडीवर घ्यायचे, सनईची पत्ती आधी स्वतःच्या तोंडात भिजवायचे, एक सूर काढायचे आणि तीच पत्ती पोराच्या ओठांत द्यायचे. याला घरात उष्टा सूर म्हणत. आबांच्या आज्यानं आबांना असाच दिला होता. आणि तो देताना नाकाला नाक लागायचं.

पण दिवा तर हिरवा होता!

आबा फुंकत होते. सिस्टर हसत होत्या. प्रतीक्षा दोन पावलं पुढं सरकली आणि तिला आबांच्या नाकपुड्या दिसल्या. फुंक चालू असतानाच त्या हलकेच आत ओढल्या जात होत्या. गाल पिचकत होते, पुन्हा फुगत होते.

हे तर तिनं घरी रोज बघितलेलं! सनईवाल्याला सूर तोडायचा नसतो. म्हणून तो गालात हवा साठवतो, गालातली हवा नळीत ढकलता ढकलता नाकानं नवी हवा आत घेतो. छाती कधी रिकामी होतच नाही. वरची हवा वर फिरते, तळातली तळात राहते. यंत्र बिचारं दम संपायची वाट बघतं. दम संपत नाही. शेवटी वेळ संपतो आणि जी काही शेवटची हवा हाती लागेल ती ते पट्टीवर घेतं, म्हणजे आबांनी नुकतीच नाकानं ओढलेली ताजी हवा. त्यात आकडा कुठून येणार!

लबाडी नव्हती. दम मोजायचा म्हटल्यावर ऐवळ्यांच्या माणसानं तो तोडायचा कसा?

ती थेट डॉक्टरबाईंच्या खोलीत घुसली. बाईंनी ऐकून घेतलं, पण त्यांच्या चेहऱ्यावर वैताग दिसत होता. "प्रतीक्षा, तुमचा राग मला कळतो. पण हिरव्या माणसाला मी अडवू शकत नाही. तक्रार झाली तर मला उत्तर द्यावं लागतं. त्यांनी आपणहून थुंकी दिली तर तपासते."

मग ती आबांकडे गेली. हात जोडले, आवाज खाली ठेवला. "आबा, एकदा थुंकी द्या. अगूसाठी."

"थुंकी?" आबांचे डोळे बारीक झाले. "सनईवाल्याची थुंकी मागती? उद्या गावभर हुईल, ऐवळ्याला क्षय झाला. मांडवात कोण पाय ठिवू दील मला? सोताचं पाप माझ्या गळ्यात बांधायला निघालीस व्हय? सुशांत, हिला घालवून ये म्हायेरी. आत्ताच्या आत्ता."

सुशांत खिशातली किल्ली चाचपत उभा राहिला. "जाऊ दे की प्रतीक्षा. आबांना कशाला..."

"तुमी तर गपच बसा," ती म्हणाली. "तोंड असून बोलता न्हाई, त्या माणसानं मधी पडू नये."

सिस्टर मुजावर औषधांच्या खोलीत होत्या. प्रतीक्षानं दार लावून घेतलं. "सिस्टर, अगूसारख्या लेकरांना फुंकता येत न्हाई. त्यांची हवा कशी घेता?"

"रडवतो," सिस्टर सहज म्हणाल्या. "तोंडासमोर पट्टी धरायची आन रडवायचं. रडताना, ओरडताना, खोकताना तळापासनं हवा येती. यंत्रबिंत्र लागत न्हाई, पट्टीच लाल हुती." आणि मग त्यांच्या लक्षात आलं. "ए बाई, माझी नोकरी जाईल!"

"माझं पोरगं जाईल, सिस्टर. तो मानूस रोज त्याच्या उशाला बसतो. रोज!"

सिस्टरनी दाराची कडी पुन्हा तपासली. मग कपाट उघडून त्यांनी दोन पट्ट्या काढल्या. एक प्रतीक्षाच्या ढालीच्या आतल्या बाजूला चिकटवली, एक बाहेरच्या बाजूला, कपाळासमोर. "आतली तुझी, बाहेरची त्येंची," त्या पुटपुटल्या. "दोन्ही पाहिजेत. न्हाईतर म्हणतील, हिचीच हवा."

दुपारी भेटीच्या वेळी आबा आले. धुतलेलं धोतर, कपाळाला बुक्का. वॉर्डाच्या दाराशी प्रतीक्षा आडवी उभी होती.

"बाजूला हो. पिवळी हायस तू."

"पिवळी हाय, पन खोटी न्हाई. तुमचा हिरवाच खोटा हाय."

"काय म्हणालीस?"

"गाव म्हणतंय ऐवळ्याचा दम, ऐवळ्याचा दम. कसला वो दम? गाल फुगवायचं आन नाकानं हवा चोरायची. गालातला दम तुमचा! छातीत काय न्हाईच. चिपाड झालंय छातीचं."

अख्ख्या तालुक्यात नवनाथ ऐवळ्यांना असं कुणी बोललं नव्हतं. सासऱ्यापुढं डोक्यावरचा पदर न ढळू देणारी सून तर नाहीच नाही. ती मागं सरली नाही, उलट एक पाऊल पुढं आली.

"तुझ्या बापानं बघितली व्हती का गं सनई?" आबा गरजले. "माझ्या आज्यानं राजाच्या लग्नात वाजवली! घोड्यावर बसवून आणलं व्हतं त्याला! आन तू, डाळिंबं निवडणारी, तू मला दम शिकवती?"

"आज्यानं वाजवली आसंल. तुमी काय वाजवता? मांडवात आता लोक उठून जात्यात. तोंडावर कुणी बोलत न्हाई एवढंच."

हे खोटं होतं. ती मुद्दाम बोलत होती आणि बोलताना तिला त्याची चव लागत होती. चार वर्षं गिळलेलं एकेक वर येत होतं. पहिल्या दिवाळीला "रोगट" म्हणालेले, बाळंतपणात "पोरगं तरी नीट दे" म्हणालेले. तिला आबांना रडवायचं होतं, आणि ते केवळ पट्टीसाठी नव्हतं.

"अजून बोला की! एवढाच दम?"

"पांढऱ्या पायाची!" आबांच्या गळ्याच्या शिरा टरारल्या. "माझं सोन्यासारखं लेकरू खाल्लंस तू! आमच्या घराला लागलेली कीड! तू आलीस आन माझ्या उंबऱ्यावर, माझ्या..."

शब्द संपायच्या आत श्वास संपला. खोकल्याची उबळ आली ती थेट पोटातून. आबा वाकले, तोल गेला, आणि आधारासाठी हात पडला तो समोर असलेल्या सुनेच्याच खांद्यावर. त्यांचं तोंड तिच्या ढालीपासून वीतभर अंतरावर होतं. खोकला थांबेना. ढालीवर बारीक थेंब उडत होते. तिनं डोळे मिटले नाहीत आणि खांदाही काढून घेतला नाही.

उबळ ओसरली. आबांनी मान वर केली, आणि त्यांची नजर तिच्या कपाळासमोर अडकून राहिली. तिला पट्टी दिसत नव्हती. तिला फक्त आबांचे डोळे दिसत होते. राग त्यातून हळूहळू निघून गेला आणि त्या जागी भीती आली.

सिस्टर धावत आल्या. त्यांनी ढाल सोडवून उजेडात धरली. आतली पट्टी जराशी पिवळट. बाहेरची लालभडक.

"डॉक्टरांना बोलवा," त्या कुणाला तरी म्हणाल्या. "लगेच."

आबा भिंतीला धरून खाली बसले. सुशांत पुढं होऊ लागला तसा त्यांनीच हात करून त्याला लांब थांबवलं.

"म्हंजी पोराला... मीच?"

या क्षणाची प्रतीक्षानं रात्र रात्र कल्पना केली होती. तिला वाटलं होतं, आपल्याला आनंद होईल. आनंद झाला नाही. पण दयाही आली नाही.

"व्हय," ती म्हणाली. "तुमीच."

"मी लबाडी न्हाई केली गं. फुंकायला सांगितलं, फुंकलं."

"ठावं हाय मला. लबाडी केली असती तर बरं झालं असतं. तुमच्या नावानं खडे फोडून मोकळी झाले असते."

डॉक्टरबाई आल्या, त्यांनी दोन्ही पट्ट्या पाहिल्या, काही विचारलं आणि आपल्या चुकीबद्दल एक शब्द न काढता कामाला लागल्या. आबांना अंगणापलीकडच्या एकट्या खोलीत हलवलं. त्यांची थुंकी त्याच संध्याकाळी भिंगाखाली पाहिली. जंतू दिसायला फार वेळ लागला नाही. बाईंनी मग नियमातून सूट देणाऱ्या कागदावर स्वतःची सही केली आणि प्रतीक्षाला म्हणाल्या, "जा आत. ढाल बांधूनच, पण जा."

ती आत गेली. अगू कुशीवर निजला होता, हाताला सुई, गालफडं बसलेली. तिनं त्याला उचललं. तो हलका झाला होता, तिला वाटलं होतं त्यापेक्षा कितीतरी हलका. ती त्याच्या डोक्यावर हात फिरवत नुसतं "अगू, अगू" म्हणत राहिली.

त्यानं डोळे उघडले. दवाखान्यात आणल्यापासून पहिल्यांदा नीट, रोखून उघडले. ढालीमागच्या तोंडाकडे बघितलं आणि दोन्ही हातांनी तिला ढकललं.

"आबा!" तो ओरडला. "आबा पायजे! तू नको!"

आणि त्यानं असं भोकाड पसरलं की सिस्टर पळत आल्या. आल्या आणि दारातच थांबल्या, डोळ्यांत पाणी. "रडू दे, रडू दे गं! मानूस वळखाय लागला. ह्ये लई चांगलं लक्षण हाय!"

अगू तिच्या छातीवर बुक्क्या मारत होता. खिडकीतून अंगणापलीकडची खोली दिसत होती. रडणं ऐकून आबा गजांशी आले होते. तोंडावर फडकं, दोन्ही हात वर केलेले, पोराला दिसावेत म्हणून. अगू तिकडे वळायच्या बेतात होता.

प्रतीक्षानं एका हातानं पोर सांभाळलं आणि दुसऱ्या हातानं खिडकीचा पडदा ओढून घेतला.

"आबा न्हाई," ती म्हणाली. "मी हाय. मार मला. मार पाहिजे तेवढं."